रस्त्यावर आलेला मिक्सर कुणाचा?

माहीमसारख्या जुन्या वस्तीत बांधकाम बाराही महिने चालू असतं. उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास, गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचं प्लास्टर, गल्लीतलं गटार, काही ना काही निघतंच. टॉवरच्या स्लॅबला रेडीमिक्सची गाडी येते. पण दहा-वीस पोत्यांच्या कामाला, तेही समोरून टेम्पो आला की अडणाऱ्या गल्लीत, तिला कोण बोलावणार? तिथं डिझेल इंजिनावरचा छोटा मिक्सरच लागतो. तो बहुधा भाड्याचा असतो आणि एका कामावरून दुसऱ्या कामावर टेम्पोच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे बांधून ओढत नेला जातो. साइटवर असेपर्यंत तो कंत्राटदाराचा. लेडी जमशेदजी रोडला लागला की कुणाचाच नाही. मालक म्हणतो, भाड्यानं दिलाय. कंत्राटदार म्हणतो, अजून पोचलेला नाही. टेम्पोवाला म्हणतो, मी फक्त ओढतोय. या यंत्राचा खरा धोका या बेवारसपणात आहे, आणि तो संपवायची ताकद चौकातल्या हवालदारापेक्षा कामाचं बिल चुकतं करणाऱ्याच्या हाती जास्त आहे.

यंत्राची घडणच पाहा. ड्रम आणि इंजिन चाकांच्या वर चढवलेलं, त्यामुळे भार उंचावर. चाकं लहान, पुष्कळदा भरीव रबराची. स्प्रिंग नाही, ब्रेक नाही, मागे दिवा नाही. हे धूड दोरानं बांधलं की दोर त्याला ओढतो, पण रोखू शकत नाही. माहीम कॉजवेकडे जाताना पुढच्या टेम्पोनं सिग्नलला करकचून ब्रेक मारला, तर दोर सैल पडतो आणि मिक्सर आपल्या वेगानं पुढे येतो: टेम्पोवर आदळतो किंवा बाजूच्या दुचाकीवर जातो. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, म्हणून ‘थोडं पळवून नेऊ’ ही घाईच महागात पडते. यावर उपाय काही गहन नाही. मधे ताठ लोखंडी दांडा हवा, हुकाला साजेशी पिन हवी आणि ती निसटू नये म्हणून तिला क्लिप हवी. पिन तुटलीच तर दांडा रस्त्यात रुतू नये म्हणून खालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधायला हव्यात. माल भरायचा हॉपर वर घेऊन अडकवलेला, ड्रम न फिरेल असा जखडलेला असावा. मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर. रात्री मिक्सर पदपथाच्या कडेला सोडायचा तर चाकांना ठोकळे लावायचे. आज तिथं विटेचा तुकडा लावतात, आणि दांडा चालणाऱ्याच्या गुडघ्याच्या उंचीवर बाहेर आलेला असतो.

‘हे काय वाहन आहे?’ असा पहिला आक्षेप येतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या व्याख्येत ट्रेलर मोटार वाहनातच मोडतो, आणि मोटार वाहनानं ओढलं जाणारं किंवा तसं ओढण्यासाठी असलेलं वाहन म्हणजे ट्रेलर. अशा यंत्राला लागू पडू शकेल अशी सूट आहे ती फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास वाहनांना. सेनापती बापट मार्ग बंदिस्त आवार नाही. 2017 चे वाहन चालवण्याचे विनियम तर आणखी स्पष्ट आहेत: बंद पडलेलं किंवा अर्धवट जुळणी झालेलं वाहन, साइडकार किंवा नोंदणी झालेला ट्रेलर, एवढंच ओढता येतं. म्हणजे मिक्सर ट्रेलर असेल तर त्याची नोंदणी दाखवा. नसेल तर तो ट्रकवर चढवून न्या. तिसरा रस्ता नाही. आणि अपघात झालाच तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. ट्रॅक्टरला विमा होता पण ट्रॉलीला नव्हता, या मुद्द्यावर जखमींचे दावे कोर्टात लोंबकळल्याची उदाहरणं महाराष्ट्राला नवी नाहीत.

साइटवर पोचल्यावरही हा बेवारसपणा सुटत नाही. यंत्र कुणी चालवायचं, हे ठरलेलं नसतं. जो बिगारी मोकळा असेल त्याच्या हातात हँडल जातं. हँडल मारून इंजिन चालू करताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत गुंडाळायचा नाही, कारण इंजिनानं उलटा झटका दिला तर मनगट जातं. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून आधी चाक फिरवून घ्यायचं असतं. पट्ट्याची जाळी काढून ठेवलेली नसावी. वर उचललेल्या हॉपरखाली वाळू ओढायला कुणी वाकू नये, कारण वायररोप तुटण्याआधी सांगत नाही. ही माहिती घेऊन कुणी जन्माला येत नाही, आणि रोज नव्या माणसाला ती सांगायला मुकादमाला सवड नसते.

नियम आहेतच, अंमलबजावणी होत नाही, मग लिहून काय उपयोग, असंही म्हटलं जाईल. याला उत्तर ऊसपट्ट्यात आहे. गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे अंधारात न दिसणाऱ्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम आरटीओ साखर कारखान्यांना बरोबर घेऊन चालवते. अपघात त्यानं संपले नाहीत, हेही खरं. पण दिशा बरोबर होती: हजारो गाड्यांमागे पोलीस धावू शकत नाहीत, मात्र प्रत्येक गाडीला कधी ना कधी कारखान्याच्या वजनकाट्यावर यावंच लागतं. मुंबईत तो काटा महापालिकेकडे आहे. माहीममधलं रस्त्याचं वा गटाराचं काम जी उत्तर विभागाच्या नजरेखालून जातं, बांधकामाला पालिकेची परवानगी लागते. त्या परवानगीत तीन ओळी घाला: यंत्रावर मालकाचं नाव आणि क्रमांक रंगवलेला हवा, ते कसं आणलं आणि नेलं याची नोंद हवी, आणि ते चालवणाऱ्या माणसाचं नाव ठरलेलं हवं. नोंद नसेल तर बिल थांबेल.

छोट्या कंत्राटदाराला हे परवडणार नाही, हा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. दांडा, साखळ्या, दिवा यांचा खर्च एकदाच येतो आणि तो भाड्यानं देणाऱ्या मालकानं करायचा आहे; ट्रकवरून नेण्याचा खर्च मात्र दर खेपेला लागतो, आणि तो कंत्राटदाराच्या तुटपुंज्या नफ्यातून काढायला सांगितलं तर तो पुन्हा दोरच बांधेल. म्हणून निविदेत आणि दरपत्रकात यंत्राची ने-आण ही वेगळी बाब म्हणून धरली पाहिजे. परवानगी न लागणाऱ्या किरकोळ दुरुस्त्यांत पालिकेचा काटा नसतो. तिथं बिल सोसायटी देते. गच्चीचं काम काढणाऱ्या कमिटीनं तीन कोटेशनं मागवून सर्वांत स्वस्त निवडताना त्यातल्या कुणी मिक्सर कसा आणणार हे लिहिलंय का, ते बघावं. लिहिलं असेल, तर त्या कोटेशनची रक्कम थोडी जास्त असणार, आणि ती सभासदांनीच भरायची आहे.