बोनेटवरचा एचपी आणि रानातली ओढ

मोबाइलवर टोचनचा एक व्हिडिओ पाहिला की पुढचे दहा आपोआप समोर येतात. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून उभे, मध्ये साखळी, चाकांखालून उडणारी माती आणि सायलेन्सरमधून काळा धूर. एक जण दुसऱ्याला फरफटत नेतो आणि खाली कमेंटमध्ये भांडण सुरू होते. स्वराज ८५५ वाले एकीकडे, जॉन डिअर ५३१० वाले दुसरीकडे. त्वरितादेवीच्या तलवाड्यात काय किंवा गेवराईच्या बाजारात काय, चहाच्या टपरीवर हाच वाद रंगतो. वाद रंगायला हरकत नाही. पण हे व्हिडिओ पाहून कोणी ५५-६० एचपीच्या ट्रॅक्टरची फाइल बँकेत टाकत असेल, तर त्याला दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे टोचनमध्ये बहुतेक वेळा इंजिन जिंकत नाही, वजन जिंकते. ज्याच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरलेले आहे, ज्याचे टायर रुंद आणि नवे आहेत, ज्याची साखळी योग्य उंचीवर बांधली आहे, तो पाच-सात एचपीने कमी असला तरी समोरच्याला ओढून नेतो. अमेरिकेत ट्रॅक्टर ओढण्याच्या स्पर्धा गेली कित्येक दशके होतात आणि तिथे गट पाडतात ते वजनावर. पैलवानांसारखेच म्हणा ना. आपल्याकडच्या व्हिडिओत मात्र वजन कोणी सांगत नाही, सांगतात तो बोनेटवरचा आकडा.

हा आकडा इंजिनाचा असतो. इंजिनापासून जमिनीपर्यंत पोहोचताना त्याची वाटेत बरीच गळती होते. यासाठी एक ढोबळ नियम वापरतात : प्रत्येक पायरीला शंभरातले ८६ उरतात. इंजिन ५० एचपीचे असेल तर पीटीओवर साधारण ४३ मिळतात. काँक्रीटवर ओढताना हूकवर ३७, घट्ट जमिनीवर ३२, त्यातही दिवसभर न थकवता वापरता येतील असे २७. नांगरलेल्या भुसभुशीत रानात हे २३-२४ वर येते. म्हणजे ५० एचपीचा ट्रॅक्टर मऊ रानात ओढीसाठी निम्म्याहून कमी उरतो. यात कंपनीची लबाडी नाही. गिअर, डिफरन्शियल आणि टायर आपापला वाटा घेतात.

आता खरा हिशेब. एक एचपी म्हणजे ७५ किलोची ओढ, सेकंदाला एक मीटर वेगाने. नांगरटीचा वेग ताशी साडेचार किलोमीटर धरला तर सेकंदाला सव्वा मीटर होतो. या वेगाला एका एचपीमागे ६० किलो ओढ मिळायला हवी. मग २५ एचपी रानात पोहोचले तर दीड हजार किलो ओढ मिळाली पाहिजे. मिळते का? साध्या, म्हणजे फक्त मागची चाके ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मिळत नाही.

कारण चाकाची पकड. ट्रॅक्टर २,२०० किलोचा आहे आणि नांगराचा भार धरून मागच्या चाकांवर १,८०० किलो येतात असे समजा. कोरड्या काळ्या रानात चाक आपल्यावरच्या वजनाच्या साधारण निम्मी ओढ देते, म्हणजे ९०० किलो. त्यापुढे इंजिनात कितीही दम असू द्या, चाक जागेवर फिरेल. ९०० किलो ओढ साडेचारच्या वेगाने म्हणजे हूकवर फक्त १५ एचपी. बाकीचे घोडे तबेल्यातच उभे.

नांगराला काय लागते तेही पाहू. दोन फाळी पलटी नांगर, प्रत्येक फाळ ३० सेंटिमीटर, खोली २२ सेंटिमीटर. कापली जाणारी माती १,३२० चौरस सेंटिमीटर. भारी काळ्या जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलो जोर धरला तर ९९० किलो ओढ हवी. आपल्याकडे आहे ९००. हे ९० किलो कमी पडतात म्हणून चाक घसरते, डिझेल जळते, टायर झिजतो आणि आपण म्हणतो, ‘गाडीत दम नाही, पुढच्या वेळी साठचा घेऊ.’ साठचा घेतला आणि वजन तेवढेच राहिले, तर तोही तिथेच घसरेल. त्याच ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत पाणी भरून आणि लोखंडी वजने लावून ४०० किलो वाढवले, तर ओढ २०० किलोंनी वाढून १,१०० होते आणि नांगर चालतो. खर्च काही हजारांचा. ६० च्या हट्टाचा खर्च मात्र लाखांत आणि पुढची काही वर्षे सहामाही हप्त्यात.

चारही चाके ओढणारा ट्रॅक्टर याच कारणाने भारी पडतो. त्याचे पुढचे वजनही ओढीच्या कामाला लागते. एकूण २,५०० किलोचा असा ट्रॅक्टर त्याच जमिनीत साडेबाराशे किलोंपर्यंत जातो, एचपी न वाढवता. गोदाकाठच्या चिकण काळ्या रानात, पाऊस पडून गेल्यावर, दहा एचपी जास्त असण्यापेक्षा पुढची चाके चालती असणे उपयोगी. माझ्या मते पैसे जास्त घालायचेच असतील तर इथे घालावेत.

रोटाव्हेटरची गोष्ट वेगळी. तिथे ताकद चाकातून नव्हे, पीटीओतून जाते. घसरणीचा प्रश्न फारसा येत नाही आणि एचपी खरोखर कामाला येतो. सात-आठ फुटी रोटाव्हेटर भाड्याने चालवणाऱ्याला मोठे इंजिन परवडते. पण त्याने टायरमधले पाणी आणि वजने काढून ठेवावीत. ओल्या काळ्या जमिनीवर अडीच-तीन टनांचे यंत्र फिरवत राहिले की खालचा थर दाबला जातो आणि कपाशीची मुळे तिथेच अडतात.

पण आपल्या भागात मोठ्या ट्रॅक्टरची हौस नांगराने आणलेली नाही, ती उसाने आणली आहे. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला. गढी, तेलगाव, सावरगावचे कारखाने आणि पलीकडे पश्चिम महाराष्ट्रातला हंगाम. वाहतुकीचा करार, मुकादमाला उचल आणि दारात नवा ट्रॅक्टर, हे गणित बीड जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. म्हणून दोन ट्रॉल्यांचाही हिशेब करू.

दोन्ही ट्रॉल्या, त्यांचा ऊस आणि सांगाडा मिळून २५ टन धरा. सपाट डांबरी रस्त्यावर हे ओढायला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे फक्त ५०० किलो ओढ लागते. शंभर मीटरला चार मीटरचा चढ आला की त्यात १,००० किलोंची भर पडते. फडात, मऊ मातीत, दहा टक्के धरले तरी २,५०० किलो. ही ओढ आपल्या ट्रॅक्टरच्या वजनाहून जास्त झाली! म्हणून फडातून ट्रॉली काढताना दोन ट्रॅक्टर जोडावे लागतात, नाहीतर एकेक ट्रॉली काढावी लागते. यात कोणाचीही कंपनी कमी पडत नाही.

रस्त्यावर मात्र मोठा एचपी खरा ठरतो. ५०० किलो ओढ ताशी २० किलोमीटरने न्यायची तर हूकवर ३७ एचपी लागतात. ताकद जास्त तेवढा वेग जास्त, खेपा जास्त. इथपर्यंत ठीक. पण २० चा वेग ३० वर गेला की थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते आणि कित्येक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. अडीच टनांच्या ट्रॅक्टरने मागून ढकलणाऱ्या २५ टनांना थोपवायचे असते. उतारावर ट्रॉली पुढे आणि ट्रॅक्टर आडवा, अशा अपघाताची बातमी प्रत्येक हंगामात येते. ओढण्याच्या ताकदीवर तासभर बोलणारी आपली मंडळी थांबवण्याच्या ताकदीवर एक शब्द बोलत नाहीत, याचे मला जास्त वाईट वाटते. ट्रॉलीला ब्रेक आहे का आणि तो लागतो का, हे एचपीच्या आधी विचारायला हवे.

साखळीचेही तसेच. ती टॉपलिंकच्या जागी, उंचावर बांधली की पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. साखळी नेहमी खालच्या हूकलाच बांधायची. व्हिडिओत टाळ्या मिळतात ते दोन पायांवर उभे राहिलेल्या ट्रॅक्टरला, म्हणून हे सांगणे भाग आहे.

खरेदीच्या वेळी ५० च्या रेषेकडेही लक्ष द्या. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला प्रदूषणाचे ट्रेम-४ निकष लागू झाले. इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स आले, किंमत वाढली आणि गावच्या मिस्त्रीच्या हातून दुरुस्ती गेली. म्हणूनच ५० च्या जरा खाली बसणारी मॉडेल बाजारात इतकी दिसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आल्याने थोडा दिलासा मिळाला, पण ही रेषा कायम आहे. घरची आठ-दहा एकर आणि थोडे भाड्याचे काम असेल, तर ४५ ते ४९ एचपीचा, चांगल्या टायरचा, जमल्यास चारही चाके ओढणारा ट्रॅक्टर पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षभर भाड्याचे काम हातात असेल त्यानेच पुढचा विचार करावा.

आणि तुलना करायचीच तर व्हिडिओवरून कशाला? मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची ताकद, हूकवरची जास्तीत जास्त ओढ, तीही वजने लावून आणि न लावता, डिझेलचा खप, ब्रेक, सगळे मोजलेले असते. ओढ मोजताना चाकाची घसरण १५ टक्क्यांच्या पुढे जाऊ देत नाहीत. ही मोजणी पक्क्या पट्ट्यावर होते, त्यामुळे रानात तेवढा आकडा मिळणार नाही. पण दोन ट्रॅक्टर एकाच मापाने मोजलेले मिळतात, हे महत्त्वाचे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याला नावाला भुलून घेतलेल्या ट्रॅक्टरने फसवले. पुढे तो आमदार झाला आणि १९१९ मध्ये चाचणीशिवाय ट्रॅक्टर विकायचा नाही असा कायदा करून घेतला. १९२० पासून तिथल्या विद्यापीठात या चाचण्या होतात. आपल्याकडे अहवाल आहेत, मागणारे कमी आहेत. शोरूममध्ये रंग आणि सीट दाखवू लागले की आधी बुदनीचा अहवाल मागा.

डेमो आपल्याच रानात, आपल्याच नांगराला घ्या. मागच्या चाकावर खडूने खूण करा. नांगर उचलून दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते मोजा. समजा ४३ मीटर. मग नांगर पूर्ण खोलीला लावून पुन्हा दहा फेऱ्या मोजा. ३७ मीटर आले तर घसरण १४ टक्के, चालेल. ३० च्या आसपास आले तर बोनेटवर काहीही लिहिलेले असो, आधी वजन वाढवून पुन्हा मोजा. मीटर टेप आणि अर्धा तास, एवढेच लागते. डेमो द्यायला आलेला माणूस घाई करेल, त्याला बांधावर बसवा.