‘ऐकत नाही’ की ‘ऐकू येत नाही’?

मराठीत ‘ऐकत नाही’ म्हटलं की मूल हट्टी आहे असाच अर्थ निघतो. शाळेतून निरोप येतो, तुमच्या मुलाचं वर्गात लक्ष नसतं. आपण लगेच मान डोलावतो: हो ना, घरीसुद्धा ऐकतच नाही. त्याला ऐकू येतं का, असं कुणी विचारलंच तर आपण दुखावतो. “काहीतरीच काय! चॉकलेटचा कागद वाजला की दुसऱ्या खोलीतून धावत येतो.”

हा कागदाचा दाखला आता पुरे करा. शांत घरात आवाज झाल्याचं कळणं वेगळं आणि वर्गाच्या गलक्यात, पाठमोऱ्या शिक्षिकेचं वाक्य पूर्ण कळणं वेगळं. बोलण्यातला जोर स्वरांत असतो. स, फ यांसारखी व्यंजनं क्षीण असतात. थोडं कमी ऐकू येणाऱ्या मुलाला कुणीतरी बोललं हे कळतं, काय बोललं ते निसटतं. आपल्या मुलांच्या बाबतीत तर ‘दोन भाषांमुळे गोंधळतो’ हे कारण तयारच असतं, आणि वर घरी मराठी बंद करण्याचा सल्ला मिळतो. कान न तपासता मातृभाषा बंद करायला सांगणाऱ्याला मी तरी तज्ज्ञ मानत नाही.

दुसरा बचाव: ‘जन्मल्यावर टेस्ट पास झाला होता.’ तो निकाल त्या दिवसाचा होता. सौम्य दोष त्या चाचणीतून सुटू शकतो, काही दोष नंतर उद्भवतात. कानाच्या पडद्यामागे द्रव साठणं, म्हणजे ग्लू इअर, इतकं सर्रास आहे की दहा वर्षांची होईपर्यंत 10 पैकी सुमारे 8 मुलांना ते कधी ना कधी होऊन जातं. अनेकदा दुखतही नाही. ते येतं-जातं, म्हणून मूल काही दिवस नीट ऐकतं, काही दिवस नाही. आणि आपण म्हणतो, मनात असलं की बरोबर ऐकू येतं!

आता अमेरिकेत एडीएचडीसाठी भरून घेतात ती व्हँडरबिल्ट प्रश्नावली पाहा. समोर बोललं तरी ऐकत नसल्यासारखं वाटतं का? सूचना पाळून काम पूर्ण करतं का? कमी ऐकू येणारं मूल इथे सापडणारच. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स तर 4, 5, 6, 8 आणि 10 या वयांत सगळ्याच मुलांची श्रवणचाचणी सुचवते. मग लक्षाची तक्रार असलेल्या मुलाची करायला कसली खळखळ?

उलट टोकाचे पालकही आहेत. एडीएचडी हा शब्द नको म्हणून कानातच काहीतरी निघावं अशी आशा धरणारे. कान ठीक निघाले तर लक्षाची तपासणी पुढे गेलीच पाहिजे. कानात दोष निघाला तरी एडीएचडी नाही असं ठरत नाही. एकाच मुलात दोन्ही असू शकतं.

डॉक्टरांना नुसतं ‘कान बघा’ म्हणू नका. ते दिव्याने आत बघतील आणि ‘छान’ म्हणतील. ऑडिओलॉजिस्टकडे पाठवायला सांगा, श्रवणचाचणी आणि टिंपॅनोमेट्री दोन्हींसाठी. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा, अशी ती चाचणी तीन वर्षांचं मूलही खेळता खेळता देतं. आणि निकालाची प्रत शिक्षिकेलाही द्या.