‘नको’ म्हणायची सोय

बिस्किटाला तीनदा ‘नको’ म्हणायचे आणि चौथ्यांदा उचलायचे, हा आमच्या घरचा रिवाज. ब्राउझर उघडावा तर तिथेही बशी पुढे : ‘कुकीज स्वीकारा!’ ही कुकी म्हणजे आपल्याच यंत्रात ठेवलेली चिठ्ठी. १९९४ साली नेटस्केपच्या लू मॉन्टुलींनी ती काढली. हेतू साधा, दुकानाला गिऱ्हाइकाची पिशवी आठवावी. आता तीच आपण कुठे कुठे हिंडलो याची चुगली जाहिरातवाल्यांकडे करते. वर पुष्कळ ठिकाणी ‘हो’चे बटण परातीएवढे आणि ‘नको’ शोधायला चष्मा! याला संमती म्हणायचे? अहो, दार लपवायचे आणि पाहुणा आपखुशीने राहिला म्हणायचे, त्यातलाच प्रकार. दोन्ही बटणे एका मापाची करा, मग खुशाल विचारा. चौथ्यांदासुद्धा उचलणार नाही!