सेवेला येणारे पाहुणे

टेक्सासमध्ये वाढलेल्या भाचीचं पत्र आलं. आलं ईमेलने, पण थाट पत्राचाच. वर ‘प्रिय मामा आणि मामी’, खाली वळणदार सही. तिच्या मैत्रिणीच्या चर्चची तुकडी उन्हाळ्याच्या सुटीत नऊ दिवस ग्वाटेमालाला जाणार आहे. तिथल्या एका खेड्यातल्या शाळेला रंग द्यायचा, मुलांना गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची. भाचीही निघाली आहे. ज्याने त्याने आपला खर्च नातेवाइकांकडून आणि ओळखीपाळखीच्यांकडून गोळा करायचा, ही तिकडची रीत. आपण गणपतीची पावती फाडतो, तसंच हे.

बहिणीची काळजी वेगळी. “पोरगी बाटणार तर नाही ना रे?” मी म्हटलं, नऊ दिवसांत कोणी बाटत नाही, उन्हाने भाजेल फार तर.

मला काळजी वाटली ती भाचीच्या पुढच्या वाक्याची. फोनवर म्हणाली, “मामा, पुढच्या वर्षी आमची टीम जांभूळला आणू का?”

आता जांभूळ हे काही नकाशावर ठळक दिसणारं गाव नव्हे. पण इथल्या एमआयडीसीच्या केंद्रात बारवीचं पाणी शुद्ध होऊन पुढे जातं, आणि ते केंद्र दुरुस्तीसाठी बंद राहिलं की अंबरनाथपासून डोंबिवलीपर्यंत लोक बादल्या भरून ठेवतात. अशा गावात चौदा अमेरिकी पोरं उतरली तर काय होईल, याचं चित्र माझ्या डोळ्यांपुढे लगेच उभं राहिलं. सरपंच नारळ आणि शाली मागवणार. शाळेचे गुरुजी सुटीच्या दिवशी पोरांना बोलावून लेझीम बसवणार. कोणाच्या तरी घरी कोंबडी शिजणार, आणि मग पाहुण्यांतले तिघे मांस खात नाहीत असं कळून बायका पुन्हा पिठलं टाकायला धावणार. सेवा करायला आलेल्यांची सेवा करण्यात गावाचा आठवडा जाणार.

हे मी हवेत बोलत नाही. मागे इथल्याच एका पाड्यावरच्या शाळेत कोणत्याशा कंपनीची माणसं शनिवारी समाजसेवेला आली होती. एकसारखे टीशर्ट, बरोबर फोटोवाला. भिंतीचे पोपडे न खरवडताच वरून पिवळा रंग मारला आणि त्यावर सुविचार लिहिला. त्यात ‘विद्यार्थी’मधला थी ऱ्हस्व. मंडळींची बस वळणावरून दिसेनाशी झाली, तसे गुरुजी उरलेला डबा घेऊन आले, स्टुलावर चढले आणि वेलांटी फिरवून घेतली. खाली उतरून एवढंच म्हणाले, “भिंत बरीच आहे हो, गळतात ते पत्रे. पण पत्र्यावर चढून फोटो कोण काढणार?” पहिल्याच पावसात रंग पापुद्र्यांसकट खाली आला.

अमेरिकेतला हा प्रकार मात्र आपल्या कल्पनेपेक्षा खूप मोठा आहे. रॉबर्ट वुथनाव या समाजशास्त्रज्ञाच्या 2005 च्या पाहणीवरून असा अंदाज निघाला, की वर्षाला सुमारे 16 लाख अमेरिकी चर्चसदस्य अशा छोट्या मोहिमांवर परदेशी जातात. त्यातून निष्पन्न काय होतं, हे कर्ट व्हर बीक नावाच्या प्राध्यापकाने तपासलं. हा माणूस चर्चचा टीकाकार नव्हे. ख्रिस्ती महाविद्यालयात शिकवणारा आणि स्वतः होंडुरासमध्ये राहणारा. 1998 मध्ये मिच वादळाने तो देश झोडपला आणि उत्तर अमेरिकेतून तुकड्यांमागून तुकड्या घरं बांधायला धावल्या. व्हर बीकने हिशोब मांडला. प्रवासासकट धरलं तर एका तुकडीचा खर्च सरासरी 30,000 डॉलर. तेवढंच घर तिथल्या संस्था स्थानिक गवंडी लावून सुमारे 2,000 डॉलरमध्ये उभं करत होत्या. म्हणजे एकाच्या पैशात पंधरा. बरं, निदान जाऊन आलेल्यांचा दानाचा हात तरी पुढे सैल होत असेल म्हणावं, तर त्यातही फारसा फरक पडलेला त्याला दिसला नाही.

भाचीला हे आकडे सांगितले. ती वकिलाची मुलगी, लगेच उलटली. “पण मामा, तुमच्याकडे मिशनरी आले नसते तर?”

प्रश्न चोख होता. आपल्याकडे आलेच की. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकी बाई 1827 च्या अखेरीस मुंबईत उतरली. मुलींच्या शाळा चालवल्या, पुढे नगरला गेली आणि 1862 मध्ये तिथेच वारली. मधली एक मायदेशची फेरी सोडली तर उभं आयुष्य मराठी मुलुखात. मराठी शिकल्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण शाळेत येणाऱ्या पोरींना दुसरं काही येत नव्हतं. तिची नगरची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि पुण्याला परतून 1848 मध्ये स्वतःची काढली. या मंडळींना लोक ख्रिस्ती करायचे होते आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. फुल्यांनी त्यांची शाळा घेतली, धर्म घेतला नाही. घेणाऱ्याला निवडायला वेळ मिळाला, कारण देणारी माणसं तीस-तीस वर्षं समोर बसून होती.

मिरजेच्या डॉ. विल्यम वॉनलेसचंही तेच. हा कॅनडाचा शल्यविशारद 1889 मध्ये इकडे आला, 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं आणि 1928 पर्यंत राहिला. नुसती ऑपरेशनं करत बसला नाही, इथल्या मुलांना डॉक्टरी शिकवली. मिरजेजवळ वॉनलेसवाडी आहे ती उगाच नाही. नऊ दिवसांच्या पाहुण्याच्या नावाने कोणी वाडी वसवत नाही.

आणि तरीही, आयुष्यभर राहणाराही साहेबच राहू शकतो. पगार कोणी द्यायचा, हिशोब कोणी विचारायचा, शेवटचा शब्द कोणाचा, यावरून आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळींत खूप धुसफूस झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा माणूसही अखेर 1917 मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडला आणि त्याने ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले चालत आणि न घेतलेलेही.

म्हणून मला केडगावचं उदाहरण सगळ्यांत सरस वाटतं. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथे एका ख्रिस्ती भगिनीसंघाच्या आश्रयाला राहिल्या, बाप्तिस्मा घेतला आणि त्याच भगिनींशी पत्रांतून कडाकडा वाद घातले. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या त्या दोन वर्षांहून अधिक राहिल्या. गावोगाव व्याख्यानं दिली, शाळा पाहिल्या, बायकांच्या संघटना कशा चालतात ते पाहिलं, आणि त्या देशावर मराठीत जाडजूड पुस्तक लिहिलं. बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. बेत बाईंचा, पैसा त्यांचा. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, आणि दुष्काळाच्या वर्षांत केडगावला मुक्ती सदन वाढलं.

तिथे 1898 मध्ये मिनी अब्राम्स नावाची अमेरिकी मिशनरी बाई कामाला आली. तीही नवशिकी नव्हती. 1887 पासून हिंदुस्थानात होती. पुढेही परदेशी बायका येत राहिल्या. पण केडगावात सूत्रं रमाबाईंच्या हाती. गोऱ्या बाईने यायचं, काय करू विचारायचं, आणि सांगितलेलं काम करायचं. त्या काळात साहेबाचं राज्य होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या मांडणीतली गंमत कळते.

भाचीला मी तीनच प्रश्न लिहून पाठवले. भिंत रंगवायची हे कोणी ठरवलं? त्या गावात रंगारी नाही का? आणि तुझं स्पॅनिश कितपत आहे? पहिल्या दोहोंची उत्तरं तिने तुकडीच्या पाद्र्यांना विचारली म्हणे, आणि ते जरा चपापले. तिसऱ्याचं उत्तर तिचं तिलाच ठाऊक होतं. तिने क्लास लावला. पैसे मी पाठवले. पोरीने मामाकडे मागितले आणि मामाने व्याख्यान पाठवलं, असं आपल्यात होत नाही.

जांभूळचं म्हणाल तर टोळी आणू नको, एकटी ये, दोन महिने राहा आणि मराठी धड बोलायला शीक, असं कळवलं आहे. त्यातला एक दिवस केडगावचा. मुक्ती मिशन आजही तिथे आहे, पुणे-दौंड मार्गावर उतरायचं. रंगवायला भिंत मात्र मागू नकोस, हेही आधीच सांगून ठेवलं आहे.