पाच मिनिटांचा डाव आणि दोनशे पानी वही

रात्री अकरानंतर घरातल्या एखाद्या खोलीत अंधार असतो, पण पांघरुणाखालून उजेड झिरपत असतो. मध्येच कुणीतरी "छ्या!" म्हणतं. घाबरू नका. बहुतेक बुद्धिबळ चाललेलं असेल. पांघरुणाखाली दर वेळी लहान मूलच असतं असंही नाही. तिथे तुम्ही स्वतःच असाल, तर हे तुमच्यासाठीच लिहितोय.

मी मोठा खेळाडू नाही. शाळेत गणित शिकवलं आणि मधल्या सुट्टीत मुलांबरोबर पट मांडून बसलो. निवृत्त झाल्यावर मोबाइलवर तीन-तीन, पाच-पाच मिनिटांचे डाव खेळायला लागलो. हरतोही भरपूर. त्यामुळे जे सांगतोय ते वरून सांगत नाही, शेजारी बसून सांगतोय.

मागे एक जुना विद्यार्थी घरी आला. आता कॉलेजात आहे. म्हणाला, "सर, रेटिंग वरच जात नाही. किती खेळलो तरी तिथल्या तिथे."

"कसा खेळतोस?" मी विचारलं.

"अटॅकिंग," तो म्हणाला. मोठ्या ऐटीत म्हणाला.

मग आम्ही चहा घेत त्याचे शेवटचे पन्नास डाव पाहिले. पहिल्या दहा खेळ्या तो डोळे मिटून खेळायचा. वजीर लवकर बाहेर. मग समोरच्याने एक अनपेक्षित खेळी केली की हा थबकायचा. एकाच खेळीवर चाळीस-चाळीस सेकंद. शेवटी हातात एक हत्ती जास्त आणि घड्याळात सहा सेकंद. असे डाव तो एकामागून एक हरला होता. पटावर जिंकलेला आणि घड्याळावर हरलेला. स्वतःला तो हल्लेखोर समजत होता, आणि त्याची खरी अडचण वेळेची होती. हे त्याला शेकडो डाव खेळून कळलं नव्हतं. एका संध्याकाळी वही घेऊन बसल्यावर कळलं.

तुम्हीही तेच करा. एक वही घ्या. शेवटचे वीस-तीस हरलेले डाव उघडा. सगळे डाव तुम्ही खेळता त्या अ‍ॅपवर जपलेले असतात. कोणत्या खेळीला किती वेळ उरला होता, तेही दिसतं. प्रत्येक डावापुढे एकच शब्द लिहा. वेळ संपली असेल तर 'वेळ'. मोहरं असंच देऊन बसला असाल तर 'फुकट'. सुरुवातीलाच फसला असाल तर 'सुरुवात'. जिंकत आलेला डाव शेवटी जमला नसेल तर 'शेवट'. फार विचार करू नका. पहिला मनात येईल तो शब्द लिहा.

पान भरलं की मोजा. जो शब्द जास्त वेळा आला असेल, पुढचा महिना तेवढ्यावरच काम करा. बाकीचं राहू द्या. सगळं एकदम सुधारायला जाल तर काहीच सुधारणार नाही. वर्गात दर वर्षी हे पाहिलं आहे.

एक पथ्य मात्र पाळा. डाव तपासताना लगेच कॉम्प्युटरला विचारू नका. आधी स्वतः बघा, कुठे चुकलं ते लिहा, मग त्याला विचारा. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर स्टॉकफिश हा प्रोग्राम फुकट मिळतो, डाव तपासून देतो. पण तो दहा चुका दाखवेल. त्यातल्या नऊ तुमच्या-माझ्या कामाच्या नसतात. जिथे मोहरं गेलं किंवा मात चुकली, तेवढीच चूक वहीत उतरवा.

रेटिंगच्या आकड्याबद्दलही सांगतो, कारण घराघरांत त्यावरून रडारड होते. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, नियमांत दहा मिनिटांचा किंवा त्याहून छोटा डाव म्हणजे ब्लिट्झ. चेस डॉट कॉम या संकेतस्थळावर मात्र दहा मिनिटांचा डाव रॅपिडमध्ये, म्हणजे जलद प्रकारात, धरतात. लिचेसवर नव्या माणसाला सुरुवातीलाच १५०० आकडा मिळतो. म्हणजे एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. भाचीचे सोळाशे आणि तुमच्या मुलाचे बाराशे, अशी तुलना जेवणाच्या ताटावर करू नका. दोघं एकाच जागी, एकाच प्रकारात खेळत असतील तरच ती तुलना.

आता घड्याळ. ज्यांच्या वहीत 'वेळ' हा शब्द जास्त आला, त्यांनी हे नीट वाचा.

पहिली गोष्ट, नुसत्या तीन मिनिटांचे डाव काही दिवस बंद करा. पाच मिनिटं आणि दर खेळीला तीन सेकंदांची भर, असा डाव निवडा. मग हत्ती जास्त असूनही हरायची पाळी सहसा येत नाही. एक मिनिटाचा बुलेट तर सणाच्या गोडासारखा ठेवा. चव म्हणून ठीक आहे, रोजचं जेवण नव्हे.

दुसरी गोष्ट, वीस खेळ्या झाल्या की घड्याळाकडे बघा. निम्मा वेळ तरी शिल्लक हवा. नसेल तर तुम्ही मध्ये कुठेतरी अडकून बसला होता. पाच मिनिटांच्या डावात एका खेळीवर वीस सेकंद गेले की सर्वांत चांगली खेळी शोधणं थांबवा. जी खेळी केल्यावर काही मरत नाही, ती खेळा आणि पुढे चला.

वेळेपुढे भलेभले वाकतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, ते आठवत असेल. अंतिम लढत कोनेरू हम्पीशी होती. मोठ्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव झाले. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात हम्पीची वेळ कमी होत गेली, चुका झाल्या आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणारी एकोणीस वर्षांची दिव्या जिंकली. हम्पी कोण? २०१९ आणि २०२४ अशी दोनदा जलद बुद्धिबळाची जगज्जेती. तिच्या हातून घड्याळ निसटतं, तर तुमच्या-आमच्या हातून निसटलं म्हणून लाज वाटायचं कारण नाही. फक्त ते निसटतंय हे वेळेवर कळायला हवं.

एक नियम अनेकांना ठाऊक नसतो. तुमची वेळ संपली, पण समोरच्याकडे नुसता राजा उरला असेल, तर तुम्ही हरत नाही. डाव बरोबरीत सुटतो. म्हणून घड्याळात चार-पाच सेकंद उरले आणि मात दिसत नसेल, तर समोरच्याचं शेवटचं प्यादं मारून टाका. अर्धा गुण तरी घरात येईल.

आणि कुणी तुम्हाला वेळेवर हरवलं तर चिडू नका. "पटावर मी जिंकत होतो" असं म्हणू नका. घड्याळ दोघांनाही सारखंच होतं.

'फुकट' या शब्दाचं औषध जुनंच आहे. बोट उचलण्याआधी समोरच्याच्या शेवटच्या खेळीकडे एकदा बघा. त्याने ती का केली? माझं काय मरतंय? शह कुठून येऊ शकतो? सुरुवातीला हे विचारायला पाच सेकंद लागतात, महिन्याभरात एक सेकंद. एवढं केलंत तरी वजीर वाटून टाकणं बरंच कमी होईल.

समोरचा खेळायच्या आधीच आपली खेळी लावून ठेवायची सोय असते. तिला प्रीमूव्ह म्हणतात. तिचा मोह आवरा. समोरच्याला एकच खेळी शक्य असेल किंवा मारामारीत परत मारायचंच असेल, तेव्हाच ती वापरा. एरवी तो भलतीच खेळी करतो आणि तुमचा वजीर आपल्या पायाने जाऊन मरतो. माझा किती वेळा गेला, ते विचारू नका.

सुरुवातीबद्दल फार बोलणार नाही. पांढऱ्याने एक पद्धत, काळ्याने दोन. एक समोरच्याने राजापुढचं प्यादं सरकवलं तर, दुसरी वजिरापुढचं सरकवलं तर. बस्स. आठ खेळ्यांत मात देणाऱ्या सापळ्यांचे व्हिडिओ बघणं सोडा. फक्त एक घर जपा. राजाच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं सुरुवातीला एकटा राजाच सांभाळत असतो. चार खेळ्यांची मात तिथेच बसते. लवकर किल्लेकोट करा.

'शेवट' आला असेल तर मात्र आनंद माना, कारण ही दुखणी लवकर बरी होतात. राजा आणि हत्तीने नुसत्या राजाला मात द्यायला शिका. कॉम्प्युटरसमोर रोज दोनदा करून बघा. तीस सेकंदांत जमेपर्यंत करा. मग राजा आणि एक प्यादं कधी जिंकतं, कधी बरोबरी होते, ते शिका. दोन रविवार पुरतात.

आता घरातल्यांशी बोलतो. खेळणाऱ्यांनीही ऐका.

पाच मिनिटांचा डाव पाच मिनिटांत संपत नाही. दोघांची पाच-पाच धरली तर दहा होतात. हरल्यावर 'अजून एकच' म्हणून दुसरा सुरू होतो. त्यात हरल्यावर तिसरा. रागाने खेळलेला तिसरा डाव पहिल्या दोन्हींपेक्षा वाईट जातो. महिन्याभरात मिळवलेलं एका रात्रीत जातं, झोप जाते आणि सकाळी आई उठवायला आली की भांडण होतं.

म्हणून घरात नियम करा. खेळायला बसण्याआधी डावांचा आकडा ठरवा. पाच म्हटलं तर पाच. आणि लागोपाठ दोन हरले की मोबाइल खाली. पाणी प्या, गच्चीत जा, भांडी लावा. काहीही करा. तिसरा डाव उद्या.

आईवडिलांना एक विनंती. चालू डावात मोबाइल हिसकावू नका. डाव सोडला की ती हार धरतात, आणि वारंवार सोडला तर खेळायला बंदीही येते. "हा संपला की बस" म्हणा आणि दोन मिनिटं थांबा. मूल तुमचं ऐकेल. हिसकावलंत तर ते उद्या दार लावून खेळेल.

लहान मुलांच्या खात्यावर खरं नाव, शाळा, फोन नंबर घालू नका. अनोळखी लोकांशी गप्पा मारायची सोय बंद करून ठेवा. हरलेली माणसं तिथे वाटेल ते बोलतात.

आणि दुसऱ्या फोनवर कॉम्प्युटरला विचारून खेळणं म्हणजे चोरी. ती पकडली जाते, खातं बंद होतं. समोरचा तसं करतोय असं वाटलं तर तक्रारीचं बटण दाबा आणि पुढच्या डावाला लागा. हरलेल्या प्रत्येक डावात चोर शोधू नका.

शेवटचं. आठवड्यातून एकदा तरी लाकडी पटावर, घड्याळाशिवाय, अर्धा-पाऊण तास डाव खेळा. वेगाने खेळणं वाईट नाही. विश्वनाथन आनंदला त्याच्या वेगामुळे लहानपणी 'लायटनिंग किड' म्हणत, आणि २०१७ साली रियाधला जलद बुद्धिबळाचं जगज्जेतेपद त्याने ४८व्या वर्षी जिंकलं. पण तो वेग संथ पटावर केलेल्या कष्टांतून आला होता. शांतपणे जे दिसत नाही, ते घाईत कुठून दिसणार?

तो विद्यार्थी परवा पुन्हा आला होता. रेटिंग थोडं चढलं, मग थोडं उतरलं. वही मात्र सोबत आणली होती. शेवटच्या दोन पानांवर 'वेळ' हा शब्द एकदाच होता. "सर, आता सगळं 'फुकट' येतंय," तो म्हणाला. म्हटलं, बस, चहा टाकतो.

घरात कपाटात अर्धी कोरी राहिलेली एखादी वही असेलच. आज रात्री पहिला डाव सुरू करण्याआधी ती शोधा.