आजीची लाकडी केळी

भिलाईच्या सेक्टर 10 मधल्या एका क्वार्टरमध्ये पोळ्याच्या आदल्या दिवशी सासूसुनेची चांगलीच जुंपली. निमित्त होतं सावंतवाडीच्या लाकडी फळांच्या करंडीचं. सासूबाईंनी ती 40 वर्षांपूर्वी माहेरून आणलेली. दीड वर्षाच्या नातवाने त्यातलं केळं तोंडात घातलं आणि सूनबाईंनी ते झटकन काढून घेतलं.

‘‘आई, रंग निघतोय त्याचा. पोटात गेला तर?’’

‘‘अगं, तुझा नवरा दात येताना हेच केळं चावत बसायचा. काय झालं त्याला?’’

सासूबाईंनी करंडी उचलली आणि संध्याकाळपर्यंत सुनेशी एक शब्द बोलल्या नाहीत.

त्यांचा राग समजण्यासारखा होता. सावंतवाडीच्या चितारआळीतली ही फळं म्हणजे कोकणातल्या माहेराची खूणच. पांगाऱ्याचं हलकं, मऊ लाकूड कातून आणि तासून त्याची आंबा, सीताफळ, केळी, मिरची बनते. रंग असा की पाहुण्याने हात पुढे करावा आणि फसावं. इथल्या चिताऱ्यांच्या हाताला राजाश्रयही होता. खेमसावंत तिसरे यांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गंजिफाचे गोल पत्ते इथे रंगू लागले. चिंचोक्याच्या खळीने कापड ताठ करायचं, त्यावर चित्र काढायचं आणि वरून लाखेचा थर द्यायचा. पुढे ही कला जवळजवळ विझली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली.

मात्र सूनबाईंची शंकाही खोटी नव्हती. किंबहुना तीच जास्त खरी होती. लाखेचं काम वेगळं आणि तेलरंगाचं वेगळं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. असं खेळणं नैसर्गिक रंगाचं असेल, तर आईला फारशी चिंता नाही. पण बाजारातल्या अनेक लाकडी खेळण्यांवर साधा तेलरंग असतो आणि जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचं पोपडे सुटणारं खेळणं बाळाच्या हाती न देणंच बरं. केवळ डोळ्यांनी पाहून शिसं ओळखता येत नाही.

नवं घेताना कारागिराला सरळ विचारावं, ‘‘यावर लाख आहे की पेंट?’’ 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची झाली, पण नोंदणीकृत हस्तकलाकारांना त्यातून सूट आहे. म्हणून खूण नाही एवढ्यावरून हातचं खेळणं नाकारू नये. घरी आणल्यावर ते पाण्यात बुडवू नये, उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नये. लाख उष्णतेने मऊ होते. कोरड्या फडक्याने पुसलं की पुरे.

गंमत म्हणजे ज्या लाखेसाठी एवढं कौतुक, ती भिलाईकरांच्या अंगणातलीच. पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर बारीक किडे जो राळेसारखा स्राव सोडतात, तीच लाख. छत्तीसगड हे तिचं मोठं उत्पादन करणारं राज्य. कांकेरकडच्या गावांत शेतकरी पळसाच्या फांद्यांवर बीजलाख बांधून वर्षाला दोन पिकं घेतात.

रात्री मुलगा ड्युटीवरून आला, तेव्हा करंडी शोकेसमध्ये, नातवाच्या हाताला लागणार नाही अशी वरच्या फळीवर होती. सासूबाईंनी स्वतःच ठेवली होती. ‘‘मोठा झाला की देईन,’’ एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी बाजारातून नातवासाठी मातीचा नांदिया बैल आणला, चाकांचा. सासूबाईंनी त्याची पूजा केली. नातवाने आधी त्याचं शिंग तोंडात घातलं.