दिव्याचा रंग कोणता?

घरातील इंटरनेट बंद पडले, की ग्राहकसेवेतील कर्मचारी दूरध्वनीवर प्रथम विचारतो : यंत्रावर कोणत्या रंगाचा दिवा लागला आहे? अंध ग्राहकाने यावर काय सांगावे? संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, तर पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीएसारखी विनामूल्य प्रणाली हाताशी असूनही उपयोग नाही. कंपनीने बटणांना नावेच दिलेली नसतील, तर कानी पडते ते नुसते ‘बटण, बटण’! वर चित्रातील अक्षरे ओळखण्याची अट आहेच. डिजिटल सेवा अपंगांना सुलभ असणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला आहे. बटणांना नावे देणे फार खर्चाचेही नाही. जोडणीतील दोष तर केंद्रात बसूनही बऱ्याच अंशी तपासता येतो. मग दिव्याच्या रंगाचा हट्ट कशासाठी?